घरातील सूक्ष्म कोळी : आधी ओळख, मग उपाय

(निपाणी परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आर्द्रा नक्षत्र संपून पुनर्वसूचा पाऊस लागला, की बेळगाव-निपाणी भागातील घराघरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते. "घरात बारीक किडे झाले आहेत. दिसतात न दिसतात, पण रात्री अंग खाजते. काय फवारावे ते सांगा." प्रश्न साधा वाटतो, परंतु तो ऐकताच ज्याने एखाद्या औषधाचे नाव सांगितले, त्याचे उत्तर चुकलेच असे समजावे. कारण या एका तक्रारीच्या पोटात पाच-सहा निरनिराळे जीव दडलेले असतात. त्यांतील एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, आणि काहींच्या बाबतीत तर फवारणी हा उपायच नव्हे. फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी किडा ओळखावा, हे आज मला प्रामुख्याने सांगावयाचे आहे. शाळेतील भिंग आणि एक काळी पाटी एवढ्या साधनांवर ही ओळख बरीचशी पटू शकते.

शास्त्रज्ञ ज्यांना माइट म्हणतात, त्या जीवांना आपण कोळीकीड अथवा सूक्ष्म कोळी म्हणू. हे नाव येथील शेतकऱ्यांना नवे नाही. वांग्याच्या पानांखाली जाळी करणारा लाल कोळी त्यांनी पाहिला आहे. संकेश्वरी मिरची लावणाऱ्यास पाने आक्रसून टाकणारा कोळी चांगलाच ठाऊक आहे. हे जीव कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय असतात व डोक्यावर मिशा असतात. कोळीकिडीच्या पूर्ण वाढलेल्या जीवाला आठ पाय असतात आणि मिशा नसतात. गुराच्या कानामागे चिकटणारी गोचीड ही याच कुळातील थोरली बहीण होय. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात, हे भिंगाखाली पाहणाऱ्याने ध्यानी ठेवावे, नाहीतर गोंधळ उडतो.

आता पाटीची परीक्षा. ज्या ठिकाणी किडे दिसतात असे वाटते, तेथील धूळ, पिठाचा थर किंवा वाकळेची झटकण काळ्या पाटीवर घ्यावी आणि ती उजेडात स्थिर धरून भिंगातून पाहावी. त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. जीव कोठे सापडला : गादीत, धान्यात, भिंतीच्या ओलीवर, की खुराड्याजवळ? तो चालतो कसा : संथ, की चपळ धावतो? आणि घरातील माणसांना होते काय : चावा, खाज, की शिंका व धाप? या तीन उत्तरांवरून निम्मे काम होते.

या परीक्षेत पहिली गोष्ट बहुधा अशी आढळते, की ज्याला आपण कोळीकीड समजलो तो कोळी नसतोच. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर, जुन्या वह्यांच्या बांधणीत, देवघरातील पोथीच्या पानांवर फिकट पांढुरके बारीक किडे भराभर पळताना दिसतात. त्यांना सहा पाय असतात आणि लांब मिशा असतात. ते उवेसारखे दिसतात खरे, पण माणसाला चावत नाहीत. ओलीवर येणारी बुरशी खाऊन जगतात. भिंत वाळली, बुरशी गेली, की तेही जातात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर वेदगंगा व दूधगंगा काठच्या ज्या घरांत पाणी शिरले होते, तेथे ओल सुकेपर्यंत महिनोन्महिने असे किडे दिसावेत यात नवल नव्हते. अशा भिंतीवर विषाचा फवारा मारणे म्हणजे निष्कारण खर्च करून आपल्याच घरात विष पसरवणे होय.

आता खऱ्या कोळ्यांकडे वळू. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा, आणि गंमत अशी की डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, म्हणजे गादी-उशीच्या धुळीतील कोळी. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी. एका सेंटिमीटरच्या रेषेत असे तीस-पस्तीस जीव एकामागे एक उभे राहतील. तो अर्धपारदर्शक असल्यामुळे काळ्या पाटीवरही सहज सापडत नाही. त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो. म्हणून जो कोणी "गादीत कोळी झालेले मी डोळ्यांनी पाहिले" असे सांगतो, त्याने बहुतेक दुसरेच काहीतरी पाहिलेले असते. पुष्कळदा ढेकणाची पिले. हा कोळी माणसाला चावत नाही, रक्त पीत नाही, त्वचेत शिरत नाही. आपल्या अंगावरून दररोज कोंड्यासारखी जी मृत त्वचा झडते, ती त्याचे अन्न. तेव्हा अंगावर गांधी उठल्या असतील, तर त्याचा दोष या कोळ्याच्या माथी मारू नये.

मग त्याचे महत्त्व कशात? त्याच्या विष्ठेत. तिचे कण वाळून सुटे होतात, वाकळ झटकताना हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. ज्यांच्या शरीराला त्यांचे वावडे असते, त्यांना सकाळी उठताच शिंकांची सर लागते, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, आणि दमेकऱ्यांची धाप वाढते. घरातील धुळीमुळे दमा उसळतो हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होते, परंतु धुळीत नेमके काय असते हे कळत नव्हते. १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमधील लायडन येथे व्होर्होर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिले, की त्याचे मोठे कारण हा कोळी होय. आणि ओलसर घरांच्या धुळीत तो अधिक सापडतो. आपल्याकडेही या जीवांचा अभ्यास झालेला आहे. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात प्राध्यापक जी. पी. चन्नबसवण्णा यांनी कोळीशास्त्राची परंपरा उभी केली, तेथील घरांच्या धुळीतील कोळ्यांची मोजदाद झाली, आणि १९८६ साली या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळूर येथे भरली होती.

ओलसर घरातच हा कोळी का वाढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण नियंत्रणाची किल्ली तेथेच आहे. हा जीव पाणी पीत नाही. त्याच्या अन्नातही पाणी फारसे नसते. तो पाणी घेतो ते हवेतून. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून क्षारयुक्त द्रव पाझरतो. हवा दमट असली की हा क्षार बाष्प शोषून पातळ होतो, आणि ते पाणी कोळ्याच्या तोंडाकडे वाहत जाते. हवा कोरडी झाली की क्षार सुकतो, ग्रंथींची तोंडे बंद होतात, आणि कोळ्याचा पाणीपुरवठा थांबतो. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत हीच घटना घडते! पावसाळ्यात मीठ पाझरते आणि फाल्गुनात खडखडीत होते. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता शेकडा ७५ च्या आसपास गेली की ओलावते. जाडे मीठ त्याआधीच. धुळीतील कोळ्यालाही नीट जगण्यासाठी साधारण शेकडा ७० च्या आसपास आर्द्रता लागते, आणि ती दीर्घकाळ ५० च्या खाली राहिली तर पूर्ण वाढलेले कोळी आठ-पंधरा दिवसांत सुकून मरू लागतात. म्हणून ज्या खोलीत मीठ पाझरते, त्या खोलीतील गादीत कोळी सुखात आहेत असे खुशाल समजावे. आर्द्रतामापक यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

या दृष्टीने आपला प्रदेश पाहा. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीचा डोंगराळ भाग पावसात बुडालेला असतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, हवेत गारवा व दमटपणा. निपाणीस पाऊस कमी, आणि चिकोडीच्या पूर्वेकडे जावे तसतसा तो आणखी विरळ. म्हणजे एकाच जिल्ह्यात कोळ्याला बारमाही सोयीचे घर आणि त्याला चार महिनेच सोयीचे घर, अशी दोन्ही सापडतात. खानापुराकडे शिकावयास गेलेल्या मुलाचा दमा वाढला आणि सुट्टीत गावी आला की कमी झाला, असे झाल्यास तेथील हवेला नावे ठेवण्याआधी तेथील अंथरूण तपासावे. घराच्या बांधणीचाही भाग आहे. जुन्या कौलारू घरातून वारा खेळत असे. आता आपण स्लॅबची बंद खोली बांधतो, तीत पेटीचा पलंग ठेवतो, त्या पेटीत पाहुण्यांच्या वाकळा वर्षभर कोंबून ठेवतो आणि खिडकी डासांमुळे उघडत नाही. ही व्यवस्था माणसापेक्षा कोळ्यास अधिक मानवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय या माहितीतूनच निघतात. वाकळ, चादर, उशीची खोळ आठवड्यातून एकदा धुवावी. कोळी मरावयाचे तर पाणी साठ अंशांपर्यंत तापलेले हवे, म्हणजे ज्यात हात घालवत नाही इतके. बंबातील चांगले तापलेले पाणी या कामास पुरते. गार पाण्याने कोळी फारसे मरत नाहीत, तरी त्यांची विष्ठा पाण्यात विरघळून बरीचशी निघून जाते; म्हणून गरम पाणी नाही या सबबीवर धुणे टाळू नये. गादी धुता येत नाही. तिला उघडीप मिळेल त्या दिवशी कडक ऊन दाखवावे, आणि दोन-तीन तासांनी उलटावे. कारण वरची बाजू तापली की कोळी आतल्या बाजूस सरकतात. ऊन दाखवल्यावर गादी झोडपावी, पण ती अंगणात, आणि दमेकरी माणूस दूर असताना. मेलेल्या कोळ्याची विष्ठाही बाधतेच. ऊन कोळी मारते, विष्ठा नाहीशी करीत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु ते काम घराच्या सोप्यात चालू असताना दमेकऱ्याने तेथे बसू नये. घोंगड्याबद्दल पुष्कळजण विचारतात. पट्टणकोडोलीचे घोंगडे ही आपल्या भागाची शोभा आहे, ते टाकून द्या असे मी म्हणणार नाही. पण दमेकऱ्याच्या अंगाखाली ते नसावे, आणि इतरांनी त्याला वरचेवर ऊन दाखवावे. घट्ट विणीच्या कापडाची, चेन असलेली खोळ गादीस व उशीस घातली तर कण बाहेर पडण्यास अटकाव होतो.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली : हे सारे केल्याने दमा बरा होतो असे नाही. नुसत्या कोळी-नियंत्रणाचा दम्यावर कितपत परिणाम होतो याविषयी ज्या वैद्यकीय चाचण्या झाल्या, त्यांतून एकमुखी अनुकूल उत्तर मिळालेले नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले, श्वासावाटे ओढावयाचे औषध गादी उन्हात घातली म्हणून बंद करू नये. त्या औषधाची सवय लागते ही समजूत खोटी आहे, आणि या समजुतीपायी मुलांचे हाल झालेले आहेत. दुसरी गोष्ट निपाणीसाठी विशेष. येथे हजारो माउल्या घरी बसून विड्या वळतात. तेंदूपान व जरदा यांची बारीक धूळ त्याच खोलीत असते जेथे मूल झोपते. चुलीचा धूरही तेथेच कोंडतो. अशा घरात खोकल्याचे खापर केवळ कोळ्यावर फोडणे हा त्या माउलीवर अन्याय होईल. तंबाखूचे सूप झोपण्याच्या जागेपासून वेगळे, उघड्या सोप्यात ठेवता आले, तर गादी झोडपण्यापेक्षा त्या मुलाला अधिक आराम पडेल.

धान्यातील व पिठातील कोळी हे दुसरे कुळ. ते गादीतील कोळ्यापेक्षा किंचित मोठे, पांढरट, अंगावर लांब केस असलेले आणि चालीने मंद असतात. पिठाच्या डब्याच्या कडेला किंवा पोत्याच्या शिवणीवर बदामी रंगाची बारीक भुकटी साचलेली दिसते, ती केवळ धूळ नसते. जिवंत व मेलेले कोळी, त्यांच्या काती आणि विष्ठा यांचे ते मिश्रण असते. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. थोडे पीठ पाटीवर घेऊन पट्टीने सपाट करावे आणि काही वेळ हलवू नये. कोळी असतील तर सपाट पृष्ठभाग आपोआप उंचसखल होतो. असे पीठ बोटांत चुरडल्यास पुदिन्यासारखा उग्र-गोड वास येतो. पिठाला असा वास आला की ते माणसांनी खाऊ नये. उष्ण व दमट देशांत अशा पिठाचे पदार्थ खाऊन वावडे असलेल्या माणसांना अंगावर पित्त उठणे, घसा सुजणे, श्वास कोंडणे असे गंभीर प्रकार झाल्याची नोंद आहे, आणि पीठ शिजवल्याने हा धोका टळत नाही. सुके खोबरे व शेंगदाणे हाताळणाऱ्यांच्या हातांना या कोळ्यांमुळे खाज सुटते. या धान्यकोळ्यांवर जगणारा आणखी एक शिकारी कोळी त्याच पोत्यात फिरत असतो. भिंगातून एखादा चपळ जीव मंद जीवांच्या मागे धावताना दिसला तर तो बहुधा हाच.

येथेही मूळ ओलीत आहे. धान्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा १२ च्या खाली असेल तर हे कोळी वाढू शकत नाहीत. आपल्या वडीलधाऱ्यांना शेकडेवारी ठाऊक नव्हती, पण दाणा दाताखाली कट्कन फुटल्याशिवाय तो कणगीत भरू नये हे ठाऊक होते. तोच नियम आजही पुरेसा आहे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. डबा रिकामा झाला की गरम पाण्याने धुऊन पुरता वाळवावा. पावसाळ्यात दळण आठवड्यापुरतेच आणावे. गिरणीत वारंवार जावे लागते ही तक्रार खरी आहे, पण महिन्याचे पीठ साठवण्यापेक्षा ते बरे.

तिसरा गट चावणाऱ्या कोळ्यांचा. हे कोळी पाटीवर डोळ्यांना दिसतात. एक मिलिमीटरच्या आतबाहेर, उपाशी असता राखाडी आणि रक्त प्याल्यावर तांबडे. हे मूळचे कोंबडीचे, चिमणी-पारव्यांचे अथवा उंदराचे. दिवसा खुराड्याच्या फटींत, घरट्यात दडून राहतात आणि रात्री बाहेर पडतात. कोंबड्या खुराड्यात असेतोवर घरातील माणसांना फारसा त्रास होत नाही. कोंबड्या विकल्या, किंवा माळ्यावरील घरट्यातून पिले उडून गेली, अथवा विष घालून उंदीर मारले, म्हणजे उपाशी कोळी यजमानाच्या शोधात घरात उतरतात. "कोंबड्या नाहीत, तरी चावे कसले?" असे विचारणाऱ्याला सांगावे, की कोंबड्या नाहीत म्हणूनच. कोंबडीचा कोळी अन्नावाचून काही महिने तग धरतो, म्हणून नुसते थांबून भागत नाही. रात्री विजेरी घेऊन कोंबड्या बसण्याच्या दांडीखाली पांढरा कागद धरावा व दांडी ठोकावी. तांबडे ठिपके चालू लागले तर ओळख पटली. मग खुराडे रिकामे करून उकळते पाणी फटींत ओतावे, दांड्या बदलाव्यात, भेगा लिंपून चुन्याची सफेदी द्यावी. पक्ष्याचे घरटे पिले उडाल्यानंतरच काढावे. कोंबड्यांच्या अंगावरील औषधासाठी पशुवैद्यकाकडे जावे. उंदरांच्या बाबतीत बिळे बुजवणे आणि मेलेले उंदीर लगेच पुरणे ही कामे विषाइतकीच महत्त्वाची.

शेतातून किंवा गवत कापून आल्यावर ताप आला, आणि काखेत, जांघेत अथवा कमरेपाशी काळी खपली असलेला न दुखणारा व्रण दिसला, तर तो घरातील कोळी नव्हे. झुडपांतील एका कोळ्याच्या पिलामुळे होणारा स्क्रब टायफस हा तो ताप असू शकतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ गाजली होती. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त व गुणकारी औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. म्हणून ताप अंगावर न काढता खपली डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी.

राहिली खरूज. शिक्षकांनी येथे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. खरजेचा कोळी त्वचेतच बीळ करून राहतो. १६८७ साली इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी, गरीब स्त्रिया मुलांच्या हातांतून सुईच्या टोकाने बारीक जीव काढतात हे ऐकून तसा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याचे चित्र काढले. एखाद्या रोगाचे कारण डोळ्यांनी पाहण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी तो एक. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत पुरळ; रात्री वाढणारी खाज; आणि घरातील एकाहून अधिक माणसांना तीच तक्रार, ही तिची लक्षणे. एका माणसाच्या अंगावर बहुधा दहा-पंधराच कोळी असतात. खाज त्यांच्या संख्येने नव्हे, तर त्यांच्या वावड्याने सुटते. म्हणूनच लागण झाल्यावर पहिल्या खेपेस तीन ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, आणि तोवर ती घरभर पसरलेली असते.

येथेच उपचार फसतो. ज्याला खाज, त्यालाच मलम लावले जाते. ज्यांना अजून खाज नाही ते तसेच राहतात. आणि महिन्याभरात रोग परत येतो. मग "औषधात दम नाही" असा बोभाटा होतो. खरजेचे औषध घरातील सर्वांनी, एकाच रात्री लावावयाचे असते. पर्मेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावून रात्रभर ठेवावे, सकाळी अंघोळ करावी, आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच. त्याच दिवशी कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे. धुण्याजोगे नसेल ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा कोळी दोन-तीन दिवसांपलीकडे क्वचितच जगतो. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून मलमाचा भडिमार करू नये. घर फवारण्याचे येथे काडीइतकेही कारण नाही. अंगाला रॉकेल चोळणे तर निव्वळ क्रूरपणा आहे.

खरूज ही घाणीची खूण नव्हे. ती जवळच्या स्पर्शाने पसरते आणि स्वच्छ घरातही येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या, तर त्यांतील जंतुसंसर्गातून पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. वर्गातील एखाद्या मुलास खरूज आढळली तर त्याला मागच्या बाकावर एकटे बसवू नये. सर्व पालकांना न नावाची चिठ्ठी द्यावी आणि आरोग्य सेविकेस कळवावे. एका वर्गातील घरांनी एकाच शनिवारी रात्री मलम लावले तर जे होते, ते वेगवेगळ्या दिवशी लावून वर्षभरातही होत नाही.

आता ज्या कारणासाठी मी इतका वेळ घेतला, त्या विषयाकडे येतो. शेतात वापरण्याचे कीटकनाशक अनेक घरांत कोनाड्यात ठेवलेले असते, आणि घरातील बारीक किड्यांवर तेच मारून पाहण्याचा मोह होतो. हा मोह दोन कारणांनी घातक आहे. एक तर पुष्कळशा कीटकनाशकांनी कोळी मरतच नाहीत. मिरचीवर नको ते औषध मारल्यावर कोळी उलट वाढलेला तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. त्याला खाणारे मित्रकीटक मेले की त्यास रान मोकळे मिळते. दुसरे म्हणजे, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शिवारात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. जेथे वारा होता तेथे ही गत. मग बंद खोलीत, मुलाच्या अंथरुणावर तेच औषध मारल्यास काय होईल? तंबाखूचे पाणी हे तर निपाणीकरांच्या हाताशी असलेले औषध. ते झाडपाल्याचे म्हणून निर्धोक समजले जाते. परंतु त्यातील निकोटीन हे जहाल विष असून ते त्वचेतून शरीरात शिरते. गादीवर, अंगावर किंवा कोंबडीच्या पंखांत ते मुळीच वापरू नये.

सर्वांहून भयंकर म्हणजे धान्यात टाकावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. दमट हवेशी गाठ पडताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. कोळ्याला हवी असलेली तीच आर्द्रता या गोळीलाही पेटवते, असे म्हटले तरी चालेल. या गोळ्या गोदामांसाठी, प्रशिक्षित माणसांच्या हाती देण्यासाठी आहेत. सामान्य घरांना त्या विकण्यास परवानगी नाही. तरीही त्या मिळतात, आणि माणसे झोपतात त्या खोलीतील पोत्यात टाकल्या जातात. या वायूने झोपेतच मुले दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. यावर उतारा म्हणून देण्यासारखे विशिष्ट औषध नाही. ज्या घरात अशी गोळी असेल, त्यांनी ती चुलीत अथवा पाण्यात टाकू नये. डबी घट्ट बंद असेल तशीच, मुलांच्या हाती लागणार नाही अशा घराबाहेरील कोरड्या जागी ठेवावी आणि कृषी सहाय्यकास कळवून त्यांच्या स्वाधीन करावी. पोत्यात टाकली गेली असेल तर त्या खोलीत कोणी झोपू नये. दारे-खिडक्या उघड्या टाकून सर्वांनी बाहेर पडावे, आणि कोणास मळमळ, छातीत जडपणा वा धाप जाणवल्यास थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी शाळांसाठी एक काम. माध्यमिक शाळांत सूक्ष्मदर्शक असतो, आणि वर्षातून एक-दोन प्रात्यक्षिकांखेरीज तो कपाटात पडून असतो. गावात कोणाची तक्रार आली, तर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्या जागेवर हलकेच दाबून उचलावा आणि काचपट्टीवर चिकटवावा. आधी भिंगाने, मग सूक्ष्मदर्शकाच्या लहान शक्तीखाली पाहावे, पाय मोजावेत, मिशा आहेत की नाहीत ते पाहावे. गादीची धूळ असेल तर ती मिठाच्या दाट पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवावी. जड कण तळाशी बसतात, कोळी वर तरंगतात, आणि वरचा थेंब घेतला की काम सोपे होते. काचपट्टीवर पेन्सिलने तारीख, गाव आणि नमुना कोठून घेतला ते लिहावे : गादी, पीठ, भिंत की खुराडे. जे ओळखता आले नाही, ती पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात द्यावी. उत्तर येईपर्यंत त्या घरात काही फवारू नये, फक्त अंथरूण उन्हात घालावे.